डायलिसिसच्या नळीत नेमकं काय चालतं? (विसरण, परासरण आणि लोणच्याची बरणी)

माणदेशी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सुट्टी मिळाली.

मी चौदा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. पेशंट पहिल्यांदा आला की बरोबरची माणसं हमखास विचारतात, "हे मशीन रक्तातली घाण ओढून घेतं का हो?" घाईत असलो की मी "हो" म्हणून मोकळा होतो आणि नंतर मनाला लागून राहतं. कारण ते उत्तर खरं नाही. मशीन घाण ओढतं असं एकदा डोक्यात बसलं की मग चार तास कशाला, जोर वाढवून दोन तासांत उरका ना, असं वाटणारच. पथ्याचंही तसंच होतं.

मशीनच्या बाजूला फूटभर लांबीचं एक पारदर्शक नळकांडं लावलेलं असतं. त्याचं नाव डायलायझर, पेशंट मंडळी त्याला सरळ 'किडनी' म्हणतात. शिकाऊ मुलांना दाखवायला मी एकदा कोरा डायलायझर करवतीने आडवा कापला होता. आत पांढऱ्या धाग्यांची जुडी, शेवयांहून बारीक. भिंग धरलं की प्रत्येक धाग्याच्या टोकाला भोक दिसतं. धागा पोकळ आहे, आतली पोकळी ०.२ मिलिमीटर. असे दहा हजारांच्या आसपास धागे. सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर दीड चौरस मीटर भरतील, म्हणजे एका माणसाच्या चटईएवढ्या.

धाग्यांच्या आतून रक्त जातं, मिनिटाला ३०० मिली धरा. बाहेरून डायलिसेट नावाचं पाणी उलट्या दिशेने जातं, मिनिटाला ५०० मिली. धाग्याच्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्यं आणि पोटॅशियम आरपार जाऊ शकतात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं जाऊ शकत नाहीत. युरियाचा रेणुभार ६०, अल्ब्युमिनचा ६६ हजारांच्या आसपास, एवढी तफावत आहे.

आता मुख्य गोष्ट. युरियाच्या रेणूला 'मला बाहेर जायचंय' असं काही नसतं. तो आजूबाजूच्या पाण्याचे धक्के खात वाट फुटेल तिकडे भटकतो. भटकता भटकता छिद्रातून पलीकडे जातो, तसा पलीकडून अलीकडेही येऊ शकतो. फक्त पलीकडच्या ताज्या पाण्यात युरिया नसतोच, त्यामुळे तिकडून यायला कुणी नाही. जाणारे पुष्कळ, येणारे नाहीत, म्हणून हिशेबाला 'बाहेर गेला'. विसरण म्हणतात ते एवढंच. पाणी सतत बदलतं आणि उलट्या दिशेने वाहतं, म्हणून धाग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बाजूंतला फरक टिकून राहतो.

म्हणूनच डायलिसेट म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात सोडियम रक्ताइतकंच, लिटरला १३८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात, म्हणजे जाणारं आणि येणारं सारखं पडतं. पोटॅशियम बहुधा २ ठेवतात. पेशंटचं ६ असेल तर ते उतरतं. बायकार्बोनेट रक्तापेक्षा जास्त ठेवतात, ते उलट बाहेरून रक्तात येतं. एकाच भिंतीतून एकाच वेळी काही आत, काही बाहेर, काही जागच्या जागी. 'ओढणं' म्हटलं तर याचा अर्थच लागत नाही.

आता धागे इतके बारीक का? विसरणाचं गणित फार कडक आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, दहापट झालं की शंभरपट. हा नियम बसवला ॲडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये, तेव्हा ते पंचविशीत होते आणि पेशाने शरीरक्रियातज्ज्ञ. लहान रेणूंना पाण्यात ०.१ मिलिमीटर सरकायला ढोबळमानाने पाच सेकंद लागतात. १ मिलिमीटरला आठ मिनिटं. १ सेंटिमीटरला चौदा तास. एक मीटरला सोळा वर्षं!

धाग्याच्या मध्यापासून भिंत ०.१ मिलिमीटरवर आहे. सगळ्या धाग्यांत मिळून रक्त मावतं सुमारे ८० मिली, म्हणजे मिनिटाला ३०० मिलीच्या वेगाने रक्ताचा थेंब आत राहतो जेमतेम सोळा सेकंद. भिंत गाठायला पाच सेकंद, हाताशी सोळा. दहा हजार धाग्यांऐवजी बोटभर जाडीची एकच नळी वापरली असती तर मधल्या युरियाला कडेला यायला तासन्‌तास लागले असते. आपल्या शरीरातही बहुतेक पेशींपासून जवळची केशवाहिनी साधारण ०.१ मिलिमीटरच्या आतच असते. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

कामाचं डायलिसिस यंत्र पहिल्यांदा साधलं ते नेदरलँड्समधल्या काम्पेन गावात, विलेम कोल्फ या डॉक्टरांनी, १९४३ मध्ये. देश जर्मनांच्या ताब्यात, सामानाची मारामार. त्यांनी सॉसेजला वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळली आणि ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट गेले. १९४५ मध्ये बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रावर शुद्धीवर आली आणि वाचली.

राहिलं पाणी. पेशंटच्या अंगातलं जास्तीचं पाणी मात्र मशीन दाबाच्या फरकाने खरंच ओढून काढतं. तिथे ओढणं हा शब्द चालतो. घाणीला चालत नाही.

---

आजोळ | रविवार, रात्री १०.१५

किती छान लिहिलंत दादा! माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं होतं, पण इतकं कुणी समजावून सांगितलं नाही.

एक विचारू? आम्ही दरवर्षी वीस-पंचवीस किलो कैरीचं लोणचं घालतो. फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर ठेवलं की सकाळी पातेल्यात पाणीच पाणी. मीठ पाणी ओढून घेतं असं आम्ही म्हणतो. मग तेही चूक का? आणि पाणी एका रात्रीत सुटतं, तर लोणचं मुरायला महिना का लागतो?

---

खडूफळा | रविवार, रात्री १०.५०

आजोळ, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे बघा. तुम्ही स्वतःच 'पाणी सुटतं' म्हणालात. सुटतं हा शब्दच नेमका आहे, ओढण्यापेक्षा कितीतरी बरोबर.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कैरीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. पुस्तकात त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात, म्हणजे पाण्याला वाट देणारं पण मिठाला सहजी न देणारं. पाण्याचे रेणू त्यातून सतत ये-जा करत असतात, तुम्ही मीठ लावा अथवा न लावा. मीठ चोळलं की फोडीच्या ओल्या अंगावर कडक खारं पाणी तयार होतं. तिथे मिठाच्या कणांनी जागा अडवलेली असते, त्यामुळे बाहेरून आत येणारं पाणी कमी पडतं आणि आतून बाहेर जाणारं मात्र पहिल्यासारखंच सुटत राहतं. हे परासरण. पाण्याच्या या ये-जा करण्यासाठी पटलात वेगळी दारं असतात, ॲक्वापोरिन नावाची प्रथिनं. ती शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता महिना का. खारात पाणी गमावून पेशी मरतात आणि पटल निकामी होतं. तिथे परासरण संपलं. मग मीठ आणि मसाल्याचा अर्क फोडीत शिरतो तो साध्या विसरणाने, आणि त्याचं गणित माणदेशींनी वर दिलंच आहे. त्यातून लोणच्यात आंबटपणा, मसाला, तेल सगळं एकमेकांत मिसळायचं असतं, त्याला वेळ लागणारच. विसरणाला मराठीत 'मुरणं' हा शब्द का रुळला नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. शास्त्राचा शब्द परका राहिला आणि मुलांना ओळखीची गोष्ट अनोळखी वाटू लागली.

आणि एक कबुली द्यायची आहे. विसरण शिकवताना मी कायम उदबत्तीचं उदाहरण देत आले. कोपऱ्यात उदबत्ती लावली, खोलीभर वास पसरला, झालं विसरण. माणदेशींचं गणित वाचून आत्ता हवेसाठी मांडलं. हवेत रेणू पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट सहज सरकतात. तरी अगदी स्थिर हवेत चार मीटर जायला आठवड्याहून जास्त लागेल! वास मिनिटभरात पोचतो तो हवेच्या हालचालीने, उदबत्तीच्या गरम धुराबरोबर वर जाऊन. उद्यापासून उदाहरण बदलणार. पाण्याच्या पेल्यात तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा, आणि पेला न हलवता दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवणार.

---

येरळाकाठ | सोमवार, सकाळी ६.३०

चांगला धागा. आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे, बेदाणा करतो. थोडी भर घालतो.

पिकत आलेल्या घडावर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात. गोडी १८ ब्रिक्सच्या (म्हणजे रसात शेकडा १८ भाग साखर) वर गेलेली असते आणि बाहेर पावसाचं पाणी, ज्यात विरघळलेलं जवळजवळ काही नाही. सालीतून पाणी आत शिरतं, मुळांकडूनही येतं, आणि साल ताणायची तेवढीच ताणते. दोन वर्षांपूर्वी रात्री पाऊस झाला. सकाळी बॅटरी घेऊन बागेत गेलो तर देठाजवळ चंद्रकोरीसारख्या बारीक चिरा पडलेल्या, हात लावला की चिकट रस बोटाला. उन्हं वर येईपर्यंत माशा. तो प्लॉट हातचा गेला.

बेदाण्याचं उलटं आहे. तिथे पाणी बाहेर घालवायचं असतं, पण मण्यावर पांढुरकी मेणाची साय असते, ती वाट अडवते. म्हणून शेडवर टाकण्याआधी घड डिपिंग ऑईलमध्ये बुडवतात. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाईल ओलिएट. त्याने मेणाची ठेवण बिघडते आणि पंधरा दिवसांच्या आत माल तयार होतो. न बुडवता वाळवायला गेलं तर दिवस कितीतरी वाढतात आणि रंगही काळपट येतो.

---

खडूफळा | सोमवार, दुपारी १.२०

येरळाकाठ, तुमच्या मण्याचं गणित करून बघितलं. १८ ब्रिक्सच्या रसाचा परासरण दाब तीस ऍटमॉस्फियरच्या आसपास येतो. समुद्राच्या पाण्याचा सत्तावीसच्या जवळपास असतो. मणी तडकतात यात नवल नाही, उरलेले टिकतात याचंच नवल.

समुद्राच्या पाण्यावरून आठवलं. या दाबापेक्षा जास्त दाब उलट बाजूने दिला की पाणी खारट बाजूकडून गोड्या बाजूला येतं. आरओ म्हणतात ते हेच. त्यासाठी कामाचं पटल तयार केलं ते सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात, १९६० च्या सुमारास. सौरीराजन मूळचे भारतातले, आणि हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही.

---

माणदेशी | सोमवार, रात्री ९.०५

खडूफळा ताई, आमचं पूर्ण सेंटर त्या आरओवरच चालतं. एका पेशंटला एका सिटिंगला सुमारे १२० लिटर डायलिसेट लागतं. मागच्या खोलीत प्लांट बंद पडला तर पुढच्या खोलीत काहीच चालत नाही.

डायलिसेटमध्ये क्षार कमी पडले तर मशीन अलार्म देऊन ते पाणी पेशंटकडे जाऊच देत नाही. कारण साधं पाणी रक्ताच्या पलीकडे आलं तर पाणी लाल पेशींत शिरेल आणि पेशी फुटतील. मणी तडकावा तसंच.

अजून एक, कारण नवीन मुलं इथे हमखास चुकतात. परासरणात वजन मोजत नाहीत, कणांची संख्या मोजतात. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये लिटरला ५० ग्रॅम ग्लुकोज. वजनात पाचपट फरक, तरी दोन्ही रक्ताच्या जवळपास समपरासारी, म्हणजे परासरण दाब सारखाच. मीठ हलकं, त्यात पाण्यात त्याचे सोडियम आणि क्लोराईड असे दोन तुकडे होतात. ग्लुकोजचा रेणू जड आणि अखंड राहतो.

---

जाईजुई | सोमवार, रात्री ११.३०

बरेच महिने नुसती वाचक होते, आज लॉगिन केलं.

माझ्या बाबांचं डायलिसिस आठ महिन्यांपूर्वी सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. दोन प्रश्न आहेत. पहिल्या दिवशी दोनच तास केलं आणि तेही हळू. मी तेव्हा खूप भांडले होते की आमच्या माणसाला पूर्ण वेळ का देत नाही म्हणून. दुसरं म्हणजे, पाणी मोजून देते, तरी दोन सिटिंगच्या मधल्या काळात वजन तीन किलोने वाढतं आणि बाबा सारखे तहान तहान करतात. मला बघवत नाही.

---

माणदेशी | मंगळवार, सकाळी ७.१०

जाईजुई ताई, भांडलात त्याचं मनावर घेऊ नका. आपल्या माणसासाठीच भांडलात, आणि कारण सांगणं आमचं काम होतं.

पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटचा युरिया खूप चढलेला असतो, रक्तात आणि मेंदूतही. मशीनने रक्तातला युरिया झपाट्याने उतरवला तर मेंदूतला तितक्या लवकर बाहेर येऊ शकत नाही. मग मेंदूच्या बाजूला कण जास्त, रक्तात कमी, आणि पाणी मेंदूकडे जातं. मेंदूला सूज येते. डोकं दुखतं, उलट्या होतात, जास्त झालं तर झटके येतात. म्हणून पहिली सिटिंग आखूड आणि सावकाश.

तहानेचं उत्तर मिठात आहे. लघवी होत नसेल तर खाल्लेलं मीठ बाहेर पडायला वाटच नाही. रक्तात मीठ वाढलं की पेशींतलं पाणी बाहेर यायला लागतं, मेंदूला ते कळतं आणि तहान लागते. माणूस पाणी पितो ते मीठ पुन्हा पातळ होईपर्यंत. हिशेब सोपा आहे, ९ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी धरून ठेवतं. म्हणजे दीड-दोन चमचे मीठ साठलं की अंगावर एक किलो वजन. पाणी मोजता तसं मीठ मोजा. पापड, लोणचं, फरसाण, सॉस, बेकरीचा माल, सगळं. मीठ उतरलं की तहान आपोआप उतरते, रागवावं लागत नाही.

बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं ते मात्र अजिबात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि ते या पेशंटच्या हृदयाला धोक्याचं आहे.

---

आजोळ | मंगळवार, दुपारी ३.००

जाईजुई, काळजी घे गं. पोटातून करतात त्या डायलिसिसबद्दल पण कुणी सांगेल का? आमच्या शेजारी एक काकू घरीच पिशव्या लावतात.

---

माणदेशी | मंगळवार, रात्री ९.४५

पोटाच्या डायलिसिसला मशीनचा दाब नसतो, तिथे पाणी काढायचं काम परासरणच करतं. दोन लिटरची पिशवी पोटात सोडतात, आतड्यांवरचं पातळ आवरण हेच पटल. पिशवीत ग्लुकोज असतं: १.५, २.५ किंवा ४.२५ टक्के. ग्लुकोज जितकं जास्त तितकं पाणी जास्त सुटतं. पण ते आवरण ग्लुकोजलाही हळूहळू रक्तात जाऊ देतं, त्यामुळे काही तासांनी जोर ओसरतो. पिशवी फार वेळ पोटात राहिली तर सुटलेलं पाणी परत अंगात जायला लागतं. काकू घड्याळ लावून पिशव्या बदलतात त्या यासाठी.

---

जाईजुई | बुधवार, सकाळी ११.१५

माणदेशी दादा, पहिल्यांदाच मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. आईलाही वाचून दाखवलं.

अजून एकच. पोटॅशियममुळे बटाटा बंद आहे आणि बाबांना बटाटा जीव की प्राण. कुणी म्हणतं चिरून रात्रभर पाण्यात ठेवला की चालतो. खरं का?

---

खडूफळा | बुधवार, दुपारी १.४०

नुसत्या भिजवण्याने फारसं निघत नाही. कच्च्या बटाट्याच्या पेशी जिवंत असतात, त्यांची पटलं शाबूत असतात आणि ती पोटॅशियम आत धरून ठेवतात. चिरताना सुरीखाली फुटल्या तेवढ्याच पेशींमधलं निघतं. उकळलं की पटलं निकामी होतात आणि मग पोटॅशियम विसरणाने पाण्यात उतरतं. त्यासाठी काप पातळ हवेत, जाडी निम्मी केली की वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो. पाणी भरपूर हवं आणि मध्ये बदलायला हवं, डायलिसेटसारखंच. आणि ते पाणी आमटीत घालायचं नाही, ओतून द्यायचं.

---

माणदेशी | बुधवार, रात्री ९.२०

ताईंनी नेमकं सांगितलं. तरी उकळूनही सगळं पोटॅशियम जात नाही, म्हणून किती आणि केव्हा खायचं हे बाबांचा ताजा रिपोर्ट बघून तुमच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनीच ठरवायचं.

---

जाईजुई | रविवार, दुपारी २.३०

शुक्रवारी आहारतज्ज्ञांना विचारलं. पोटॅशियम ४.८ आलंय, आठवड्यातून एकदा अर्धी वाटी चालेल म्हणाल्या, सिटिंग आदल्या दिवशी झालेली असली तर उत्तम. काल सिटिंग झाली.

आज आईने सालं काढून किसणीवर चकत्या पाडल्या, मोठ्या पातेल्यात उकळल्या, पाणी ओतलं, नवीन पाण्यात पुन्हा उकळल्या. मग मोहरी, हिरवी मिरची, हळद, वरून कोथिंबीर. मीठ न घालता लिंबू पिळलं. भाजी जरा गिचका झाली होती. बाबांनी वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं, पुढचा रविवार किती तारखेला आहे.

---

आजोळ | रविवार, दुपारी ३.०५

चकत्या थोड्या जाड ठेव म्हणणार होते, पण मग वरचं सगळं गणितच चुकेल. दुसऱ्यांदा उकळताना झाकण ठेवू नका आणि सारखं ढवळू नका, म्हणजे गिचका होणार नाही.